ऑफसाईड : माइक बंद होता म्हणून काय झालं?

अर्धविराम

दोन दिवस झाले भावाशी माझा वाद चाललाय, संपतच नाहीये, म्हणून शेवटी धागा काढतेय. विषय तसा जुना आहे पण दरवेळी नव्याने निघतो. स्पोर्ट्स चॅनेलवरचा कॉमेंटेटर बायकांबद्दल काहीतरी खालच्या पातळीचं बोलतो, ते बाहेर येतं, त्याची नोकरी जाते, आणि मग "एवढ्याशा बोलण्यावरून माणसाचं करिअर संपवायचं का" हे सुरू होतं.

आमचा वाद अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज यांच्यावरून झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ जानेवारी २०११, इंग्लंडमध्ये वुल्व्हज विरुद्ध लिव्हरपूल मॅच. लाइनवर, म्हणजे सहाय्यक रेफ्री म्हणून, सायन मॅसी होती, वय २५. ग्रे आणि कीज हे स्काय स्पोर्ट्सचे सगळ्यात मोठे चेहरे, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हापासून लोक त्यांच्याच तोंडून फुटबॉल समजून घेत आलेले. मॅच सुरू व्हायच्या आधी, माइक बंद आहे असं समजून, दोघं बोलत होते की बायकांना ऑफसाईडचा नियम (पास सुटताना पुढचा खेळाडू शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे नसावा, हा) कळत नाही, कोणीतरी खाली जाऊन हिला समजावून सांगायला पाहिजे. वेस्ट हॅम क्लबच्या पदाधिकारी कॅरन ब्रेडी यांनी फुटबॉलमधल्या भेदभावाबद्दल लिहिलं होतं, तर त्यांचीही टिंगल केली. आणि मग मॅचमध्ये काय झालं, तर लिव्हरपूलच्या पहिल्या गोलच्या वेळी मैरेलिश पुढे पळाला, एकदम काठावरचा निर्णय होता, मॅसीने फ्लॅग वर केला नाही, म्हणजे ऑफसाईड दिला नाही, टोरेसने गोल केला. रिप्लेमध्ये दिसलं की ती बरोबर होती.

भावाचं म्हणणं, खाजगीत बोलले, दोन मित्रांमधलं बोलणं होतं, माफी मागितली असती तर विषय संपला असता. माझं म्हणणं, काढलं ते योग्यच केलं. तुम्हाला काय वाटतं? आणि प्लीज, बायका विरुद्ध पुरुष असं करू नका.

नाईटवॉचमन

मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे, आणि मनापासून सांगतो, मला त्यांचं बोलणं अजिबात आवडलेलं नाही. पण माणूस माइकवर जे बोलतो ते त्याचं काम, माइक बंद असताना बोलतो ते त्याचं काम नाही. आपण सगळेच ऑफिसात चहा पिताना असं काही ना काही बोललेलो असतो जे सगळ्यांसमोर वाजवलं तर आपलीही नोकरी राहणार नाही. आणि अजून एक गोष्ट, ते बोलणं बाहेर कोणी काढलं? त्याच महिन्यात ग्रे यांनी फोन हॅकिंगवरून न्यूज ऑफ द वर्ल्डवर दावा ठोकला होता, आणि त्या पेपरच्या मालकांचीच स्कायमध्ये ३९ टक्के भागीदारी होती. मग संशय येणारच ना.

अर्धविराम

नाईटवॉचमन, संशय मलाही येतो, पण त्याने काय बदलतं? टेप कोणी आणि का बाहेर काढली हा वेगळा प्रश्न, तोही विचारायलाच हवा. पण टेपवरचा आवाज त्यांचाच होता, हे त्यांनी स्वतःही कधी नाकारलं नाही.

पांढरी_रेघ

मी बरीच वर्षं हौशी फुटबॉलमध्ये लाइनवर उभा राहिलोय म्हणून मला इथे बोलायचंय. ऑफसाईडचा नियम कळणं आणि ऑफसाईड देता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नियम दहा मिनिटांत कोणालाही सांगता येतो. खरी मारामारी अशी की पास ज्या क्षणी पायातून सुटतो त्या क्षणाला पुढचा खेळाडू कुठे होता ते बघायचं असतं, आणि पास देणारा चाळीस मीटर मागे असतो, म्हणजे दोन ठिकाणी एकाच वेळी डोळे लागतात आणि डोळे तर दोनही एकाच दिशेला बघतात. त्यामुळे आपण शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबर रेषेत पळत राहतो, तो थांबला की थांबायचं, वळला की वळायचं, एक पाऊल मागे राहिलात तर कोन बदलतो आणि ऑनसाईड माणूस ऑफसाईड दिसायला लागतो. कितीतरी वेळा तर आम्ही किक कानाने ऐकतो आणि डोळे रेषेवरच ठेवतो.

तर अशा निर्णयाला मॅसी बरोबर रेषेत होती आणि तिने फ्लॅग खाली ठेवला, जे वर करण्यापेक्षा अवघड असतं कारण अंगात भीती असते की चुकलो तर गोल आपल्या नावावर जाईल. हे काम किती अवघड आहे ते ग्रे यांना माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त माहीत होतं, स्वतः स्ट्रायकर होते ते, आयुष्यभर त्या रेषेवर खेळले. म्हणून मला जास्त राग येतो. अडाणी माणूस बोलला असता तर सोडून दिलं असतं.

जुना_रेडिओ

खूप छान प्रतिसाद पांढरी_रेघ. किक कानाने ऐकायची हे मला नवीन होतं.

माइक बंद असण्यावरून दोन जुनी प्रकरणं आठवली. २००४ मध्ये इंग्लंडमधलेच रॉन ॲटकिन्सन, आयटीव्ही चॅनेलचे मोठे कॉमेंटेटर, मोनॅको-चेल्सी मॅच संपल्यावर चेल्सीचा फ्रेंच खेळाडू मार्सेल देसायीबद्दल अत्यंत घाणेरडं वर्णद्वेषी बोलले, त्यांना वाटलं प्रसारण संपलंय, पण मध्यपूर्वेतल्या काही देशांत आवाज चालू होता. राजीनामा द्यावा लागला. आणि आपल्या क्रिकेटवाल्यांना आठवत असेल, ऑगस्ट २००६, कोलंबो टेस्ट, दाढी ठेवणाऱ्या हाशिम आमलाने कॅच घेतल्यावर डीन जोन्स त्याला दहशतवादी म्हणाले. त्यांना वाटलं जाहिराती लागल्यात. टेन स्पोर्ट्सने ताबडतोब काढलं. त्यावेळी मी एकालाही असं म्हणताना ऐकलं नाही की अहो खाजगीत बोलले ते. दाढीवरून बोलला तर गुन्हा आणि बाईवरून बोलला की मस्करी, असं कसं?

नाईटवॉचमन

जोन्सचं उदाहरण बरोबर आहे, मान्य करतो, मी तेव्हा त्यांना काढलं त्याच्या बाजूनेच होतो. पण दोन्हींत फरक आहे असं मला वाटतं. दहशतवादी म्हणणं म्हणजे माणसावर थेट आरोप आहे. "बायकांना ऑफसाईड कळत नाही" हा गैरसमज आहे, मूर्खपणा म्हणा, पण मूर्खपणासाठी माणसाला शिकवायचं असतं, काढायचं नसतं.

वहीतली_टोटल

मी इथे फार लिहीत नाही, वाचते फक्त. पण हा धागा बघून राहवलं नाही.

मी अकरा वर्षं क्रिकेटचं स्कोअरिंग करतेय. एकदा एका मोठ्या मॅचला माझ्याकडून चूक झाली, अंपायरने हात वर केला होता, उघडा पंजा, म्हणजे बाय, बॅटला न लागता काढलेला रन, आणि मी घाईत तो रन बॅट्समनच्या नावावर लिहिला. बाय बॉलरच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे इनिंग संपल्यावर माझी वही आणि शेजारच्या स्कोअररची वही जुळेना, टोटल तीच पण त्या बॉलरचा माझ्याकडे एक रन जास्त आणि एक्स्ट्रामध्ये एक कमी. सगळी वही उलटी तपासत गेलो, सहा-सात मिनिटांत सापडलं, दुरुस्त केलं. स्कोअरिंगमध्ये हे होतं, म्हणूनच दोन स्कोअरर असतात आणि दर ओव्हरला एकमेकांशी ताळा करायचा असतो.

शेजारच्या बॉक्समध्ये कॉमेंट्रीवाले बसले होते. त्यातला एक म्हणाला, बायकांना आकडेमोड देऊ नका हो, आणि बाकीचे हसले. माझ्या शेजारचा जो स्कोअरर होता त्याच्याकडून त्याच स्पर्धेत आधीच्या मॅचला एक अख्खी विकेट लिहायची राहिली होती. त्याला तेच लोक म्हणाले होते, ऊन फार आहे आज, पाणी पी जरा.

तर नाईटवॉचमन, तुम्ही म्हणता तो गैरसमज आहे. माझ्यासाठी तो गैरसमज नव्हता. त्यानंतर सगळा सीझन मी प्रत्येक बॉल दोनदा बघून लिहायचे, आणि दोनदा बघायला गेलं की तिसरा चुकतो.

अर्धविराम

टोटलताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला जे दोन दिवस भावाला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं ते हेच.

त्या वेळी मॅसीच्या बाजूने जो बोलला तो प्रत्येक जण एकच मुद्दा सांगत होता, की बघा, तिचा निर्णय बरोबर निघाला. मलाही तेव्हा तेच सांगायला आवडायचं, किती छान उत्तर मिळालं त्या दोघांना असं वाटायचं. पण आता वाटतं की तो मुद्दाच चुकीचा होता. समजा ती चुकली असती तर? काठावरचा निर्णय होता, कोणीही चुकलं असतं, पांढरी_रेघ यांनी सांगितलंच आहे. मग ग्रे आणि कीज बरोबर ठरले असते का? पुरुष लाइन्समन चुकला की त्याच्या एकट्याच्या नावावर जातं, बाई चुकली की जगातल्या सगळ्या बायकांच्या नावावर. त्या दिवशी तिला फक्त काम करायचं नव्हतं, परीक्षा द्यायची होती आणि ती परीक्षा कोणी लावली, तर ज्यांच्याकडे रिप्ले दाखवायचं बटण होतं त्यांनी. हे दोघं साधे प्रेक्षक नव्हते हो. तिचा निर्णय चूक की बरोबर हे लाखो लोकांना सांगणं हीच त्यांची नोकरी होती. बॉल पडायच्या आधीच ज्याने ठरवलंय की हिला कळत नाही, तो तिच्या निर्णयाचं विश्लेषण काय करणार? म्हणून मी म्हणते, माइक चालू होता की बंद याने फरकच पडत नाही. बंद माइकमुळे उलट एवढंच कळलं की चालू माइकमागे काय विचार चालू असतो.

फाईलवाली

मी मनुष्यबळ विभागात काम करते, अशा तक्रारी हाताळल्यात. इथे सगळे एक गोष्ट विसरतायत, क्रम. स्कायने ऑफसाईडवाल्या बोलण्यावरून कोणालाही काढलं नव्हतं. शनिवारी मॅच झाली, रविवारी पेपरात आलं, सोमवारी २४ तारखेला दोघांना फक्त त्या रात्रीच्या कार्यक्रमातून बाजूला ठेवलं. मग दुसरी क्लिप आली, डिसेंबर २०१० ची, ज्यात ग्रे सहकारी प्रेझेंटर शार्लट जॅक्सन यांना माइकची वायर माझ्या पँटमध्ये खोच असं म्हणताना दिसतात. मंगळवारी ग्रे यांना काढलं. कीज यांनी बुधवारी एका रेडिओवर माफी मागता मागता आपल्याविरुद्ध कुठल्यातरी काळ्या शक्ती काम करतायत असंही सांगितलं आणि संध्याकाळी राजीनामा दिला.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडचा २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घेतला, तर जॅक्सन यांच्याबाबतीत जे झालं ते सरळ त्यात बसतं, लैंगिक अर्थाचे शेरे हे कायद्यातच लिहिलंय. मॅसीबद्दलचं बोलणं मात्र त्यात सहज बसणार नाही, ते भेदभावात येतं, त्यासाठी समज देणं, लेखी ताकीद, काही काळ बाजूला ठेवणं अशा पायऱ्या असतात. मी असते तर पहिल्या बोलण्यावर काढलं नसतं. दुसऱ्यावर काढलं असतं.

आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? ती डिसेंबरची क्लिप. स्टुडिओत कॅमेरे चालू होते, लोक आजूबाजूला होते, म्हणजे कित्येकांनी बघितलं होतं. महिनाभर कोणी काही केलं नाही. पेपरात आल्यावर एका दिवसात शिस्त आठवली. दोन माणसं काढली की चॅनेल स्वच्छ झालं असं दाखवता येतं, पण त्या दोघांना वीस वर्षं हसून दाद कोणी दिली?

नाईटवॉचमन

फाईलवाली, क्रमाचं मला खरंच लक्षात नव्हतं, मी इतकी वर्षं हेच समजत होतो की ऑफसाईडवरून काढलं. दुसऱ्या क्लिपवरून काढलं असेल तर माझा विरोध नाही. पँटवाली गोष्ट मस्करी नाहीच, समोरची बाई त्याच स्टुडिओत काम करतेय, ती नाही तरी कशी म्हणणार.

पण मग माझा प्रश्न असा की एका वाक्यावर काढायचं की नाही हे कसं ठरवायचं? २०१३ च्या विम्बल्डनला बीबीसी रेडिओवर जॉन इन्व्हरडेल मारिओन बार्तोलीच्या दिसण्यावर बोलले, फायनलच्या दिवशी! बीबीसीने माफी मागितली, त्यांना काढलं नाही. दिनेश कार्तिक २०२१ मध्ये स्कायवर बॅटची तुलना शेजाऱ्याच्या बायकोशी करून बसला, पुढच्या मॅचला माफी मागितली, आई आणि बायको दोघींनी झापलं असंही सांगितलं, विषय संपला. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला बॉब बॅलार्ड, ऑस्ट्रेलियाच्या मुली रिले जिंकून पूलजवळ थांबल्या होत्या तर बायका कशा असतात तुम्हाला माहीतच आहे, मेकअप करत रेंगाळतात असं काहीतरी बोलले, युरोस्पोर्टने ताबडतोब बाहेर काढलं. तिघांच्या बोलण्यात मला तरी फार फरक दिसत नाही, शिक्षा मात्र तीन प्रकारच्या.

जुना_रेडिओ

बार्तोलीने काय उत्तर दिलं होतं ते विसरू नका. मॉडेल व्हायचं स्वप्न मी कधी बघितलं नव्हतं, विम्बल्डन जिंकायचं बघितलं होतं, अशा अर्थाचं बोलली होती. ती जिंकून आली होती म्हणून तिला बोलता आलं. फायनल हरली असती तर त्या बाईने काय केलं असतं?

पांढरी_रेघ

माझ्या मते कार्तिकचं प्रकरण वेगळं, तो कोणा समोरच्या बाईच्या कामाबद्दल बोलत नव्हता, वाईट विनोद होता आणि तो स्वतःहून चूक म्हणाला. बॅलार्ड यांचं जास्त गंभीर, कारण त्या मुलींनी त्या क्षणी ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेलं होतं आणि ते सांगणं हेच यांचं काम होतं. शेजारी बसलेल्या लिझी सिमंड्स त्याच क्षणी म्हणाल्या की हे भयंकर आहे. त्यांनी एका वाक्यात टोकलं. तरी काढायला हवं होतं का, मला नक्की सांगता येत नाही. मी असतो तर ती स्पर्धा संपेपर्यंत बाजूला ठेवलं असतं आणि मग बोललो असतो.

अर्धविराम

मी माझ्यापुरतं असं ठरवते. एक, ज्या बाईबद्दल बोलला तिच्या कामावर याचा अधिकार चालतो का? दोन, एकदाच झालं की सवय आहे? तीन, चूक झाली हे त्याला कळलंय की पकडलो गेलो एवढंच कळलंय? कार्तिक पहिल्या दोन्हींत बसत नाही. इन्व्हरडेल पहिल्यात बसतात आणि माझ्या मते बीबीसीने त्यांना फार स्वस्तात सोडलं. ग्रे तिन्हींत बसतात. कीज यांनी माफीच्या मुलाखतीतच काळ्या शक्ती आणल्या, तिथे तिसऱ्याचं उत्तर मिळालं.

आणि करिअर संपलं म्हणता, तर संपलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्येच दोघं टॉकस्पोर्ट रेडिओवर रुजू झाले, महिनाही गेला नाही. पुढे २०१३ पासून दोहाला अल जझीराच्या स्पोर्ट्स चॅनेलवर, जे नंतर बीइन स्पोर्ट्स झालं, तिथे बसले, दोघं एकत्रच. डीन जोन्ससुद्धा परत आले आणि शेवटपर्यंत कॉमेंट्री करत राहिले. एक नोकरी गेली म्हणजे आयुष्य गेलं असं नसतं.

उलट मॅसीचं काय झालं बघा. तिला त्याच आठवड्यात क्रू आणि ब्रॅडफर्डची मॅच दिलेली होती, त्यातून तिला बाजूला केलं, कारण पत्रकार आणि कॅमेरे तिच्याच मागे येणार, मॅचवर लक्ष राहणार नाही. म्हणजे ज्या बाईने काहीही केलं नाही, जिने निर्णय बरोबर दिला, तिची मॅच गेली. यावर कोणी धागे काढले नाहीत.

नाईटवॉचमन

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

पांढरी_रेघ

ती टिकली मात्र. पुढेही काम करत राहिली, आता सायन मॅसी-एलिस, २०१७ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. आणि २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला कोस्टारिका-जर्मनी मॅचला स्टेफनी फ्रापार रेफ्री होती, लाइनवरही दोघी बायकाच. मी ती मॅच फक्त लाइनवाल्यांकडे बघत बघितली, घरचे वैतागले. दोघी डिफेंडरच्या रेषेतून हलत नव्हत्या.

फाईलवाली

टोटलताई, एक विचारू का, उत्तर नाही दिलं तरी चालेल. तुम्ही तेव्हा तक्रार केली होती का?

वहीतली_टोटल

नाही केली. कोणाकडे करणार, ज्याच्याकडे करायची तो त्याच बॉक्समध्ये बसला होता आणि हसणाऱ्यांत होता. आणि मनात असंही होतं की चूक तर माझीच झाली होती ना, बायचा रन मीच चुकीचा लिहिला होता. चूक केलेल्या माणसाने तक्रार कशी करायची असं वाटायचं. आता अर्धविराम यांनी लिहिलेलं वाचून वाटतंय की तेव्हाच करायला हवी होती, चुकीसकट.

त्या माणसाला काढायला हवं होतं का? नाही. त्याला कोणीतरी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, एवढंच. शेजारच्या स्कोअररने जरी म्हटलं असतं की अहो परवा माझी विकेट राहिली होती, तरी मला पुरलं असतं. तो गप्प बसला. तो चांगला मुलगा होता, अजूनही भेटतो.

येत्या रविवारी मॅच आहे, स्कोअरिंगला दोन नवीन मुली येतायत, परीक्षा पास होऊन पहिल्यांदाच. मी आयोजकांना सांगून आमच्या खुर्च्या खिडकीच्या कडेला घेतल्यात, तिथून दोन्ही एंडचे अंपायर सरळ दिसतात, हात वर गेला की पंजा उघडा आहे की बोट आहे ते नीट कळतं.

नाईटवॉचमन

ताई, मॅच झाली की कशी झाली ते इथे लिहा.